साकेच्या बाटलीवर 45% लिहिलंय ते कशाचं? अन् ज्वारीपासून असं काही होईल का?

अंबडकर_शेती
मावसभाऊ जपानला कामाला आहे, येताना साकेची, म्हणजे तिकडच्या तांदळाच्या दारूची, बाटली आणली, लै महागाची आहे म्हणतो. फोनवर लेबल वाचलं तर जुनमाई दाईगिंजो, तांदूळ 100% जपानच्या ह्योगो भागातला यामादा निशिकी जातीचा, पाणी पण तिथलंच. अल्कोहोल 16% वेगळं लिहिलंय मग हे 45% कशाचं? अन् तांदूळच आहे ना शेवटी, एवढी किंमत कामून? खरं म्हणजे माझ्या डोक्यात आपली दगडी ज्वारी घोळायलीय, जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय तिला, तिची पण अशी भारी चीज का होऊ नये?

वाळूजचा_ब्रूवर
भाऊ, 45 म्हणजे तांदूळ घासून उरलेला भाग. बाकी 55 टक्क्याचा भुगा झाला! दाण्याच्या बाहेरच्या भागात प्रोटीन अन् फॅट, त्यानं चव जड होती, मधे पांढरा गर असतो तो स्टार्चचा, यामादा निशिकीत हा गर मोठा. गिंजो अन् दाईगिंजो हे साकेचे वरचे दर्जे, दाईगिंजो म्हणायला उरलेला भाग 50 टक्के किंवा त्याच्या खाली यावाच लागतो, गिंजोला 60. जुनमाई म्हणजे वरून अल्कोहोल टाकलेलं नाही. त्यात हे पीक उंच वाढतं अन् वाऱ्यात आडवं पडतं, शेतकऱ्याला काय ताप असतो तुम्हाला सांगायला नको.
मी बिअरच्या प्लांटला आहे, आमच्याकडं आधी माल्टमधली साखर काढून घेतात, यीस्ट नंतर. साकेत कोजी बुरशी स्टार्चची साखर करायलीय अन् त्याच टाकीत यीस्ट तिचं अल्कोहोल करायलंय, दोन्ही सोबत, ते पण गिंजोला 10 डिग्रीच्या आसपास महिनाभर. त्यामुळं 18-20 टक्क्यापर्यंत जातं, मग पाणी घालून 16 वर आणतात. किंमत या कामाची आहे, मला तर वाजवीच वाटती.

अंबडकर_शेती
भारी सांगितलं राव. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, त्यानं अडतं का?

नांदेडची_मायक्रोबायो
दादा, नुसत्या जडपणानं अडत नाही. कोबेजवळच्या नाडा भागातलं मियामिझू पाणी जपानच्या हिशोबानं जडच आहे, यीस्ट जोरात चालतं अन् साके कडक होती, क्योतोच्या फुशिमीचं पाणी मऊ तर तिथली साके नरम. घात करतं लोखंड, रंग अन् वास दोन्ही बिघडवतं, तेव्हा आधी पाणी लॅबला तपासायचं.
ज्वारीचं म्हणाल तर चीनची माओताई दारू ज्वारीचीच आहे, ती गाळलेली, 53 टक्क्याची. म्हणजे दाण्यात दम आहे. फक्त जपानचं नाव लावायच्या मागं लागू नका, 2015 पासून निहोनशू हे नाव तिथंच बनलेल्या अन् तिथल्याच तांदळाच्या साकेला आहे, आपल्या ज्वारीला आपलंच नाव पाहिजे. अन् घरी प्रयोग अजिबात नको, लायसन्सशिवाय गुन्हा आहे, एखाद्या परवानावाल्या ब्रूवरीशी बोला.

वाळूजचा_ब्रूवर
बाटली कपाटात ठेवू नका भाऊ, आपल्या उन्हाळ्यात वाट लागेल. फ्रिजमधे ठेवा, दाईगिंजो गरम करू नका, गारच घ्या अन् उघडल्यावर लवकर संपवा. येसरच्या आमटीसोबत तर बिलकुल नको, तिखटापुढं सगळा सुवास मरतो.