मदत हवी आहे: गोलकीपरपासून रचलेला खेळ ६ नंबरपाशी तुटतो

मंडळी, परभणीत १४ वर्षांखालच्या पोरांना फुटबॉलमध्ये मागून, म्हणजे गोलकीपरपासून पास देत, खेळ रचायला शिकवतोय. सराव असा: अर्ध्या मैदानात गोलकीपर, चार डिफेंडर आणि ६ नंबर (डिफेंडरांच्या पुढचा मिडफिल्डर), समोर चौघे प्रेस करणारे, म्हणजे चेंडू हिसकावायला अंगावर येणारे. मध्यरेषेवर ३-३ मीटरची दोन गेटं, त्यातून पास गेला की गुण. २०१९ च्या नियमबदलामुळे गोलकिकचा पास पेनल्टी एरियाच्या आतही घेता येतो, म्हणून दोन्ही सेंटरबॅक (मधले डिफेंडर) आतच उभे.

अडचण ६ नंबरची. तो प्रेस करणाऱ्या स्ट्रायकरच्या बरोबर पाठीमागे जाऊन थांबतो, म्हणजे पासची वाटच बंद. चेंडू मिळालाच तर समोरच्या गोलकडे पाठ. मग नाइलाजाने पास फुलबॅकला (कडेच्या डिफेंडरला), आणि साइडलाइनला तो कोंडला जातो. मान वळवून बघ, तिरका उभा राहून घे, सगळं सांगून झालं. दोन टचची सक्ती करावी तर मुरमाड मैदान आडवं येतं. पहिला टच उडतोच.

आधी १०×१० मीटरमध्ये चार विरुद्ध दोनचा रोंडो (चौघांनी चेंडू फिरवायचा, दोघांनी हिसकावायचा) घेऊन ६ नंबरला मधोमध उभं करावं, की प्रेस करणारे तीनवर आणावेत? सेंटरबॅकने चेंडू पुढे नेत स्ट्रायकरला अंगावर ओढणं या वयात जमतं का? आणि फुलबॅक सुरुवातीला किती पुढे ठेवता?