विधवा प्रथा बंदीचा ठराव ग्रामसभेत कसा आणायचा?

प्रश्न : कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावासारखा ठराव आमच्या गावात घ्यायचाय. पद्धत काय?

उत्तर १ : आधी महिला सभेत मांडा, मग ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत घाला. सूचक-अनुमोदक बायकाच असू द्या. हेरवाडचा (ता. शिरोळ) ठराव ४ मे २०२२ चा, १७ मे रोजी शासनाचं परिपत्रकही निघालं, ते जोडा.

उत्तर २ : मोघम ‘अनिष्ट प्रथा’ लिहू नका. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं, एकेक नाव घ्या.

उत्तर ३ : खरी कसोटी मयताच्या दिवशी. ती बाई भानावर नसते, आणि नात्यातल्याच बायका मनगट धरून बांगड्या फोडतात. नुसत्या ठरावाने तो हात थांबत नाही हो! बातमी कळताच बचतगटातल्या दोघींनी तिच्या शेजारी जाऊन बसायचं, आधीच ठरवून ठेवा.