एकटीने, एकट्याने: पहिला परदेश

ऑगस्ट-सप्टेंबरात मुंबई विमानतळाच्या टी-टू बाहेर रात्री दहानंतर एकदा उभं राहून बघा. आजी, काकू, मामा, कडेवरची पोरं, बॅगांच्या कड्यांना बांधलेल्या लाल रिबिनी. आत जाणारा मात्र एकच. पुढचं घरच्यांना कळतं ते "पोचले, सगळं छान आहे" एवढंच. इथे ते बाकीचं लिहायचं आहे.

अटी फार नाहीत. पहिलाच परदेश प्रवास, सोबत कुणी नाही, वय पंचविशीच्या आगेमागे. शिक्षण, नोकरी, भटकंती, काहीही चालेल. स्थळवर्णनं कृपया नकोत, आयफेल टॉवर सगळ्यांचा बघून झालाय. अडलं कुठे, खाल्लं काय, मदतीला कोण आलं, ते लिहा. सुरुवात मीच करते.

मी साताऱ्याची. ३० सप्टेंबर २०२२ च्या रात्री निघाले, घरात घट बसलेले. जर्मनीतल्या वुपर्टाल विद्यापीठात प्रवेश होता. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायच्या खात्यात, १०,३३२ युरो अडकले होते, त्यामुळे विमानाचं तिकीट जिथलं स्वस्त तिथलं काढलं, ते निघालं बर्लिनचं. नकाशात जर्मनी एवढीशी दिसते. प्रत्यक्षात पुढे चारेक तासांची आगगाडी होती.

त्या गाडीची एक गंमत आहे, ती कुठल्याही सल्लागाराने सांगितली नव्हती. ती दोन गाड्या जोडून केलेली असते. हाम नावाच्या स्टेशनात तिची फाळणी होते. एक भाग डॉर्टमुंडकडे जातो, दुसरा हागेनवरून वुपर्टालकडे. माझ्या तिकिटावर आरक्षित जागा नव्हती, दिसला तो डबा पकडून बसले होते. हॅनोव्हर गेल्यावर तपासनीस आले, तिकीट पाहिलं, माझ्या दोन बॅगा पाहिल्या आणि सावकाश इंग्रजीत म्हणाले, "हामला उतरा. पुढच्या भागात बसा. पण लवकर." शेजारच्या आजींना जर्मनशिवाय काही येत नव्हतं. त्यांनी माझा हात धरून दाराकडे बोट दाखवलं आणि हाम यायच्या दहा मिनिटं आधीच मला तिथे उभं केलं. एक बॅग मी ओढली, दुसरी एका कॉलेजच्या मुलाने न विचारता उचलली. फलाटावर आम्ही दोघं पळतोय, आजी मागून ओरडून दिशा देतायत! नवीन डब्यात शिरले आणि तो मुलगा नाव न सांगताच परत पळाला.

खरा पेच पुढे होता. पोचले शनिवारी संध्याकाळी. रविवारी जर्मनीत दुकानं बंद, हे माहीत होतं. पण सोमवारी ३ ऑक्टोबर, म्हणजे जर्मन एकीकरणाचा दिवस, तोही सुट्टीचा. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात एक चमचासुद्धा नाही. आईने दिलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी यावर मी दोन दिवस काढले आणि ज्या धपाट्यांवरून बॅग भरताना मी आईशी भांडले होते ते पुरवून पुरवून खाल्ले. सोमवारी रात्री वरच्या मजल्यावरच्या हैदराबादच्या मुलाने सांगितलं की मोठ्या स्टेशनातली दुकानं सुट्टीलाही उघडी असतात. स्टेशन आमच्यापासून फार लांब नव्हतं.

*

मी वेंगुर्ल्याचा. माझा पहिला परदेश म्हणजे विमान, मग गाडी, मग लाँच आणि शेवटी दोरीची शिडी. डेक कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी म्हणून पहिलं जहाज अमिरातीतल्या फुजैराच्या नांगरवाड्यात, म्हणजे जहाजं नांगर टाकून थांबतात तिथे, धरायचं होतं. जवळ पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) आणि एजंटने पाठवलेली कागदांची चळत. चेक-इनला पहिला प्रश्न, "ओके टू बोर्ड झालंय का?" म्हणजे विमानात घ्यायला हरकत नसल्याची नोंद. झालं होतं, पण त्यांच्या संगणकावर दिसेपर्यंत माझा घाम निघाला.

दुबईला बाहेर माणूस पाटी घेऊन उभा होता. पाटीवर माझं नाव नव्हतं, जहाजाचं होतं. तेव्हापासून पुढचे कितीतरी महिने आपण म्हणजे जहाजच. तिथून फुजैरा दीड-दोन तास, वाटेत उघडे बोडके डोंगर. मी कोकणातला, डोंगरावर एक हिरवं पान नाही हे डोळ्यांना पटेचना.

लाँचमधून जहाजाकडे बघितलं तर लोखंडी भिंत, सरळ वर गेलेली. अर्ध्या उंचीपर्यंत दोरीची शिडी, पुढे जिना. लाँचचा खलाशी केरळचा होता. त्याने हिंदीत एकच गोष्ट बजावली. लाट लाँचला वर उचलते तेव्हा, अगदी वर असतानाच शिडी धरायची. खाली जाताना धरलीस तर पुढच्या लाटेला लाँच वर येऊन पाय चेचेल. "गिनो मत, देखो." मी दोन लाटा सोडल्या, तिसरीला चढलो. माझी बॅग हेविंग लाइनने, म्हणजे वरून फेकलेल्या दोरीने, माझ्या आधी वर पोचली होती.

आजी निघताना म्हणाली होती, "सांभाळून रव हां झिला, पाण्यात जाव नको." मी नोकरीला नेमका कुठे चाललोय हे तिला शेवटपर्यंत कुणी नीट सांगितलं नव्हतं.

*

दुबईला जाणाऱ्या मुलींनो, फराळ नेताना खसखस तपासा! तिथे ती अंमली पदार्थांत धरतात. आपल्याला यात विनोद वाटतो, त्यांना वाटत नाही. माझी पहिली नोकरी, दिवाळीनंतर लगेच रुजू व्हायचं होतं. डबा भरून अनारसे तयार, आणि आदल्या रात्री शारजाच्या मावशीचा फोन. आईने डबा परत काढला आणि माझ्यासाठी बिनखसखशीचा घाणा तळला. आत्या म्हणाली, हे अनारसे नव्हेत, चुकलेल्या पुऱ्या आहेत. करंजीचं सारण आणि घरचा कांदा-लसूण मसालाही बघून घ्या, त्यातही असते.

*

नोकरी लागल्यावर बोनसमधून हनोई. घरी "ऑफिसच्या मैत्रिणी आहेत" असं सांगितलं नाही, सरळ एकटी जातेय म्हटलं, आणि आठवडाभर घरात अबोला होता. शेवटी लाइव्ह लोकेशनवर तह झाला.

विमानतळावरून ८६ नंबरची नारिंगी बस शहरात जाते, टॅक्सीवाल्यांशी घासाघीस करत बसू नका. पैशांचं मात्र जपा. व्हिएतनामची वीस हजार डाँगची नोटही निळसर आणि पाच लाखांचीही. मी पहिल्याच संध्याकाळी त्या दोन वेगळ्या कप्प्यांत टाकल्या. रस्ता ओलांडायची धास्ती सगळ्या गोऱ्या पर्यटकांना होती. मी पुण्याची. संथ चालत राहायचं, थांबायचं नाही, दुचाक्या आपोआप वळसा घालतात. एक ऑस्ट्रेलियन जोडपं माझ्यामागून रस्ता ओलांडायला लागलं तेव्हा भलताच अभिमान वाटला.

मला जड गेलं ते एकटीने जेवायला बसणं. पुण्यात कधी बसलेच नव्हते. फूटपाथवरची ती बुटकी प्लास्टिकची स्टुलं, आजूबाजूला चार-चारांचे घोळके, आणि मी फोनमध्ये डोकं घालून. तिसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. तिथे बरेच जण पौर्णिमेला आणि प्रतिपदेला शाकाहार करतात, त्यामुळे नेहमीच्या गाडीवरही टोफूचं काहीतरी होतं. गाडीवाल्या बाईंनी मला खुणेने एका कुटुंबाच्या टेबलाशी बसवलं, मला विचारलंही नाही. त्या दिवशी फोन पिशवीतच राहिला.

*

लाइव्ह लोकेशन वाचून हसू आलं. मी १९७४ साली अमेरिकेला गेलो, सांताक्रूझहून. सहारचं आंतरराष्ट्रीय टर्मिनल तेव्हा नव्हतं. परकीय चलन मिळालं आठ डॉलर. आठशे नव्हे, आठ. न्यूयॉर्कला कॉफी घ्यावी का, यावर मी बराच वेळ विचार केला आणि नाही घेतली. पोचल्याची तार केली, सविस्तर पत्र एरोग्रामवर. त्याचं उत्तर हातात पडेपर्यंत मी हॉस्टेल बदललं होतं. तेव्हा काळजी कमी होती असं म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. आईने माझी तार येईपर्यंत भात सोडला होता, हे मला बहिणीने कितीतरी वर्षांनी सांगितलं.

*

सिडनीला निघालेय. सोबत पेढे न्यावेत का? आई ऐकत नाहीये.

*

पेढे-बर्फी नकोच, दुधाचं तिथे काढून घेतात. बाकी जे काही खाण्याचं असेल, अगदी चिवडा असला तरी, उतरण्याआधी भरायच्या प्रवाशाच्या कार्डावर "आहे" अशीच खूण करा. दाखवलंत तर फार तर डबा जातो. लपवलंत आणि सापडलं तर दंड जबर आहे. माझ्या लाडवांचा डबा त्यांनी उघडला, त्यात तूप आहे का विचारलं, मी हो म्हटलं, आणि सगळे लाडू गेले. चकल्या मात्र परत दिल्या. आईला सांगा, चकल्याच कर.