कुंभार्ली घाटासाठी जॅकेट-पॅंट: मेश (जाळीदार) घेऊ की आत रेन लायनर असलेलं?

अर्धाक्लच:
नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात, आईवडील चिपळूणला. महिन्यातून दोनदा उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली उतरतो. बाईक हिमालयन ४११, वय ४४, पोट आहे (लपवून काय उपयोग). आजवर जीन्स आणि विंडचीटरवर भागवलं. गेल्या महिन्यात हेळवाकच्या पुढे खडीवरून मागचं चाक सरकलं. पडलो नाही, पण घरी बोलून बसलो. तेव्हापासून किल्ली बायकोच्या पर्समध्ये आहे. "अंगभर काहीतरी घे, मग जा."
पाटणला उकडतं, कोयनेला धो धो, खाली चिपळूणला घामाच्या धारा. एकाच सूटमध्ये हे कसं बसवायचं? दुकानात एक जॅकेट घालून आरशात पाहिलं, झकास बसलं. त्यात आत रेन लायनर (पाणी अडवणारं, काढता-घालता येणारं अस्तर) आहे. दोन्ही मिळून बजेट १८ हजार.

दोनचाकीताई:
आरशात झकास म्हणजे अजून काहीच पाहिलं नाहीत. गाडी दुकानाबाहेर उभी असेलच, तिच्यावर बसून बघा. हात हँडलवर गेले की बाही वर चढते आणि मनगट उघडं पडतं. पॅंटचंही तेच. उभं असताना गुडघ्याचं आर्मर (मार झेलणारं पॅड) वाटीच्या किंचित खाली असेल, तरच बसल्यावर जागेवर येतं.

माझं सांगते. वरंध घाटात शेवाळावर २५च्या स्पीडला आडवी झाले. जॅकेट चांगलं होतं, पण "थंडीत आत स्वेटर मावेल" म्हणून एक नंबर मोठं घेतलेलं. कोपराचं आर्मर बाहीत फिरून आतल्या बाजूला गेलं, कोपर सरळ डांबरावर. तीन टाके. पोटाच्या नावाखाली तुम्हीही मोठा नंबर घ्याल, म्हणून आधीच बजावते: खांद्याला आणि कोपराला घट्ट बसेल तोच घ्या, कमरेचे पट्टे सैल सोडा.

आतलं लायनर मला पटत नाही. तुम्ही कोरडे राहता, पण वरचं कापड पाणी पीत राहतं. जॅकेट भिजल्या गोधडीसारखं जड होतं आणि वारा लागला की गारठवतं. वरच्या खिशातलं पाकीट पावसातच. आणि सर आली की पॅंटचं लायनर लावायला टपरीच्या मागे जाणार का? मेश घ्या, वरून घालायचा साधा रेनसूट सीटला बांधा.

वऱ्हाडी_गिअर:
मेशबद्दल थोडं. आमच्याकडं मे महिन्यात ४५ ला मेश म्हणजे भट्टीचं तोंड. तेव्हा बनियन भिजवायचं आणि वर कमी जाळीचं जॅकेट, झिप लावून. तुमच्या कोकणात हे चालणार नाही, हवाच ओली. तिथं मेशच बरी.

स्पॅनर१२:
मेशला विरोध नाही, पण खांदा, कोपर आणि कुल्ला इथे जाड कापड हवंच. जाळी घसटताना लवकर फाटते. आतलं लेबल वाचा: ईएन १७०९२ (बाईकच्या कपड्यांचं युरोपियन मानक) आणि पुढे ए, एए किंवा एएए, जितके ए जास्त तितकं मजबूत. "सी" दिसलं तर ती नुसती आर्मर धरून ठेवायची पिशवी, कापड घसटण्याची परीक्षा त्यात नाहीच. पाठीच्या खिशात हात घाला. या भावात तिथे बरेचदा नुसता स्पंज निघतो. १६२१-२ (पाठीच्या आर्मरचं मानक) छापलेलं पॅड वेगळं घ्यावं लागेल, बजेटमध्ये धरा.

अर्धाक्लच:
सगळ्यांचे आभार. ताई, शनिवारी गाडीवर बसून पाच जॅकेटं घातली. दुकानदार तिसऱ्यानंतर चहा प्यायला निघून गेला. आरशातलं ते पहिलं जॅकेट बसल्यावर पोटावर गोळा होऊन हनुवटीला टेकलं! शेवटी ए दर्जाचं मेश घेतलं, खांद्यावर जाड कापड. पाठीत स्पंजच होता, पॅड वेगळं घेतलं. रेनसूट धरून १९ हजार ४०० झाले, घरी १८ सांगितलेत.
एक अडचण: पॅंट कमरेला बसते ती दोन इंच लांब आहे. शिंप्याकडून कापून घेतली तर गुडघा सरकेल का?

दोनचाकीताई:
खालून कापल्याने गुडघा हलत नाही. पण पोटरीला लांब झिप असेल तर शिंप्याला आधी ती दाखवा, नाहीतर कात्री तिच्यावर यायची. आणि आर्मरच्या खिशात वेल्क्रो आहे का बघा. असेल तर गाडीवर बसून वर-खाली करून घ्या, मगच शिंप्याकडे जा.