अनुभव धागा: शेवट न फोडता तुम्ही भयपट कसा सांगता?

आडसाली
काल दारासमोरच्या फडाला तोड आली. दीड वर्ष उभा असलेला ऊस दिवसात गेला आणि पलीकडची वस्ती दिसायला लागली. तेव्हा ‘लपाछपी’ आठवला. २०१७ सालचा, विशाल फुरियांचा. गरोदर पूजा सावंत नवऱ्याबरोबर शहर सोडून उसाच्या मधोमध असलेल्या घरात येते, तिथं उषा नाईक. मी सगळ्यांना एवढंच सांगते आणि गप्प बसते. मला मात्र धाकट्या दिरानं आधीच सगळं सांगून टाकलेलं. अजून हळहळ वाटते, तो धक्का मला कधीच बसला नाही. तुम्ही कसं सांगता? लिहा, फक्त शेवट फोडू नका.

रंकाळाकाठ
दिराला महिनाभर पांढरा रस्सा बंद!

बांधावरून
आमच्याकडं शेतीची लाईट रात्रीची. बघितला त्याच आठवड्यात पाणी पाजायची पाळी आली, रात्री दोनला. पाचट वाजलं की बॅटरी तिकडं. साप, रानडुक्कर यांची भीती माहितीतली असते हो. त्या रात्री आपलाच ऊस परका वाटला. मित्रांना एवढंच सांगतो, पाणी पाजून आल्यावर बघा, जायच्या आधी नको.

कळंब्याची
बहिणीला सातवा महिना होता. मैत्रिणीनं “काही विचारू नको, बघच” म्हणून लावून दिला. अर्ध्यातून उठली आणि रडत बसली. गुपित राखायचं म्हणून एवढंही सांगू नये? मी आता आधी विचारते, घरात कुणाला दिवस गेलेत का, कुणाचं बाळ गेलंय का. असेल तर नंतर बघा म्हणते. यानं काहीच फुटत नाही.

आडसाली
खरंय ताई. मी हे कधी विचारत नव्हते, आता विचारीन. बहीण बरी आहे ना?

कळंब्याची
हो, भाचा शाळेत जातोय आता.

पेठेतला
मी ‘छोरी’ बघितला २०२१ ला. तोच का?

रंकाळाकाठ
तोच, हिंदीत, दिग्दर्शकही तेच. अजून कुणी दोन्ही बघितले नसतील तर आधी मराठी बघा.

जुनी पुस्तकं
माझा ‘तुंबाड’. २०१८ ला एकट्यानं बघितला, २०२४ ला परत लागला तेव्हा आईला नेलं. ती नारायण धारपांच्या भयकथांची वाचक. “१९१८ सालचं गाव, पाऊस आणि वाडा,” एवढंच सांगितलेलं. परतताना गाडीवर एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर आधी देवाजवळ दिवा लावला, मग म्हणाली, “बरं केलंस, काही बोलला नाहीस ते.”

बांधावरून
आडसाली ताई, तोड झाली म्हणता, वाडं, उसाचे हिरवे शेंडे, मिळेल का? दोन म्हशी हायत.

आडसाली
वाडं ऊसतोडीच्या टोळीवाल्यांचं, त्यांना विचारा. शिरोळकडं आहोत आम्ही. दुपारपर्यंत या, उद्या टोळी दुसऱ्या फडात जाणार.