सोयाबीन गंजीत पडलंय, आणि म्हणे आठ जिन्नस घरचेच हवेत!

वाशिमची सून:
आपल्या तालुक्याच्या गटात काल पोस्ट फिरली: ज्या घरात दिवाळीच्या फराळाचे आठ जिन्नस घरी होत नाहीत तिथे लक्ष्मी नांदत नाही, आजकालच्या सुना आळशी. वाचून डोकं फिरलं. लिहिणाऱ्याने ऑक्टोबरात वावरात पाय ठेवलाय का? दिवाळीच्या तोंडावरच सोयाबीन सोंगायला येतं. शेंगा तडकायच्या आत सोंगायचं, ढग दिसले की गंजीवर ताडपत्री, मग थ्रेशरवाल्याची वाट. दिवसभर तिथे बाई असतेच. सांजेला घरी येऊन भिंतींना पोतारा, अंगण सारवण, आणि तीन दिवस पाणी बदलत भिजवलेल्या तांदळाचे अनारसे तिनेच करायचे. पीठ जरा सैल झालं की अनारसा तेलात हसतो, म्हणजे फुटून विरतो, आणि पाहुण्यांसमोर बोलणी बाईला. दोन जिन्नस करा, बाकीचं सोडा. चिवडा-शंकरपाळ्यांची दिवाळीही दिवाळीच.

अचलपूरचे काका:
सूनबाई, आमच्या मायनं जात्यावर दळून सगळं केलं. वावरही केलं. कधी कुरकुर नाही. आज एक सोडाल, उद्या दुसरं. नातवंडांना अनारसा फोटोतच दाखवायचा का?

वाशिमची सून:
काका, तुमच्या मायच्या वेळी वाड्यात जावा, नणंदा, सासू होत्या. कढईशी चौघी बसायच्या. आज मी एकटी बसते. आणि कुरकुर केली नाही म्हणता, तिला कोणी विचारलं होतं का?

कास्तकार घाटंजी:
आठ का दोन, ते राहू द्या. पैसा कोठून आणता? २०२४ ले सोयाबीनचा हमीभाव क्विंटलले ४,८९२ रुपये होता, बाजारात इकलं चार हजाराच्या घरात. खरेदी केंद्रावर नेलं तं ओलावा १२ टक्क्याच्या वर हाय म्हणून माल वापस. १५ टक्के ओलाव्यापर्यंत माल घ्यायची सूट आली नोव्हेंबरच्या मधात, तवरक दिवाळी होऊन गेली. आमचं सोयाबीन मातीमोल, अन् त्याच वर्षी आयात शुल्क वाढलं म्हणून तेलाचा डबा महाग! तळता कशात?

दर्यापूरकर:
भाऊ, घाई तुमचीच. चार दिवस ऊन दाखवून नेलं असतं तर परत आलं नसतं. आम्ही वाळवूनच नेतो.

कास्तकार घाटंजी:
तुमच्याजवळ खळं असन, गोदाम असन. आमी डांबरी रस्त्यावर टाकतो, तं वरून गाड्या जातात. देणेकरी दारात उभा असला तं चार दिवस कोण थांबते? सावकाराचं याज तुमी भरता का? उगाच शहाणपण शिकवू नका.

दर्यापूरकर:
शहाणपण नाही, अनुभव सांगितला. पण देणेकऱ्याचं म्हणता ते मान्य. तिथे कोणाचाच इलाज चालत नाही.

वाशिमची सून:
भावांनो, तुमचा राग रास्त आहे. पण भाव पडला की घरात पहिला प्रश्न येतो, "यंदा फराळाचं काय?" आणि तो मलाच विचारतात. तेल कमी, हात दोनच, जिन्नस मात्र आठ. हे गणित पुरुषांनी एकदा मांडून दाखवावं.

पुसदची ताई:
आमचा बचत गट दिवाळीत चकली-शेवेच्या ऑर्डरी घेतो. विकतचं म्हणजे आळस म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, तेही कोण्या बाईनंच उभं राहून तळलेलं असतं. त्या पैशात आमच्या गटातल्या बायकांनी लेकरांचे कपडे घेतले. आमच्यासाठी तीच लक्ष्मी.

अचलपूरचे काका:
बरं, चकली-शेव गटाकडून आणा. तेवढं पटलं. अनारसे मात्र घरचेच. त्यात तडजोड नाही. आता मीच करावं म्हणाल, तर मला येत नाही.

वाशिमची सून:
तळायचं येत नसेल तर तांदूळ तुम्ही भिजवा, तिन्ही दिवस सकाळी पाणी बदला, निथळून सावलीत धोतरावर पसरा. अर्धा अनारसा तिथेच होतो. तळायला काकू आहेतच, पण आधी त्यांना वावरातून येऊन घटकाभर बसू द्या.