अमेरिकेतली कम्युनिटी कॉलेजं: भूमिका कशी बदलत गेली आणि ट्रान्सफर करताना क्रेडिट कुठे अडकतात?

पायवाट:
अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांबद्दल, म्हणजे मुख्यतः पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणाऱ्या सार्वजनिक कॉलेजांबद्दल, दोन टोकाची मतं कानावर येतात. कुणी म्हणतं, पहिली दोन वर्षं तिथे कमी खर्चात काढा आणि मग विद्यापीठात जा. कुणी म्हणतं, तिथे गेलेले बरेचसे पदवीपर्यंत पोचतच नाहीत. दोन्ही एकाच वेळी खरं कसं? मुळात ही कॉलेजं निघाली कशासाठी? आणि कॅलिफोर्नियात इंजिनीअरिंगसाठी हा मार्ग धरायचा असेल तर नेमकं काय बघावं?

जुनी_पाटी:
दोन्ही खरं आहे. या कॉलेजांवर एकामागून एक कामं येत गेली, आणि आधीचं एकही कमी झालं नाही.

सुरुवात १९०१ची, इलिनॉयमधल्या जोलिएटची. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जोलिएटच्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅनली ब्राउन यांनी हायस्कूलमध्येच पदवीच्या पहिल्या दोन वर्षांचे वर्ग सुरू केले. विद्यार्थी होते सहा. पहिली दोन वर्षं बाहेर झाली की विद्यापीठाला वरच्या अभ्यासाकडे आणि संशोधनाकडे लक्ष देता येईल, हा हार्पर यांचा विचार. म्हणून नाव 'ज्युनिअर कॉलेज' आणि काम एकच: विद्यार्थी पुढे पाठवणं.

सैनिकांना शिक्षणाचा खर्च देणाऱ्या १९४४च्या जीआय बिल या कायद्यामुळे युद्धावरून परतलेले सैनिक मोठ्या संख्येने कॉलेजांत आले. १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या आयोगाने 'कम्युनिटी कॉलेज' हा शब्द रूढ केला आणि नोकरीचे कोर्स, प्रौढांचे वर्ग, गावाच्या गरजेचं शिक्षण हेही त्यांचंच काम ठरवलं. १९६०च्या दशकात तर जवळजवळ आठवड्याला एक या वेगाने नवी कॉलेजं उघडली.

कॅलिफोर्नियाचा उच्च शिक्षणासाठीचा १९६०चा मास्टर प्लॅन इथे समजून घ्यायलाच हवा. हायस्कूलमधल्या वरच्या साडेबारा टक्क्यांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया (यूसी), वरच्या एक तृतीयांशांना स्टेट कॉलेजं, बाकी सर्वांना ज्युनिअर कॉलेजचं दार उघडं. म्हणजे मोठ्या गटाची पदवी ट्रान्सफरवर, कॉलेजातून विद्यापीठात जाण्यावर, अवलंबून ठेवली, पण कोणता कोर्स ग्राह्य धरायचा हा निर्णय विद्यापीठाच्या हाती राहिला. माझ्या मते आजच्या बहुतेक अडचणींचं मूळ इथे आहे. कॉलेजांतल्या शिकवण्याला दोष देणाऱ्यांनी हे आधी बघावं.

आता तर काही कॉलेजं स्वतःच बॅचलर पदवी देतात. फ्लोरिडात ते २००१ साली सुरू झालं. कॅलिफोर्नियात २०१४च्या कायद्याने प्रायोगिक परवानगी मिळाली आणि २०२१ साली ती कायम झाली.

क्रेडिटमोजणी:
इंजिनीअरिंगबद्दल. पूर्ण केलेल्या कोर्सचं श्रेय म्हणजे क्रेडिट, ते युनिटमध्ये मोजतात; मेजर म्हणजे पदवीचा मुख्य विषय. 'क्रेडिट स्वीकारलं' आणि 'क्रेडिट मेजरला लागू झालं' यातला फरक आधी पक्का करा. विद्यापीठ साठच्या साठ युनिट स्वीकारतं, पण त्यातली बरीच 'इलेक्टिव्ह' (ऐच्छिक) म्हणून पडून राहतात आणि तिसऱ्या वर्षी पहिल्या वर्षाचे विषय पुन्हा घ्यावे लागतात. अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण संस्थेने २०१७ साली अंदाज दिला होता की सर्व प्रकारचं ट्रान्सफर धरून विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट बुडतात.

कॅलिफोर्नियात 'असिस्ट' ही अधिकृत साइट आहे. तिथे आपलं कॉलेज, हवं ते विद्यापीठ आणि मेजर निवडून करार उघडा. डावीकडे विद्यापीठाचा कोर्स, उजवीकडे त्याच्या बदल्यात चालणारा कॉलेजचा कोर्स. उजव्या बाजूला दोन कोर्सच्या मध्ये 'अँड' असेल तर दोन्ही पूर्ण झाल्याशिवाय एकही धरला जात नाही. फिजिक्सच्या मालिकेत हे हमखास दिसतं. म्हणून मालिका जिथे सुरू केली तिथेच संपवा, अर्धी दुसऱ्या कॉलेजात नको. 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' (बदल्यात चालणारा कोर्स नाही) असं लिहिलेलं असेल तर तो विषय विद्यापीठात गेल्यावरच घ्यायचा.

क्रम असा लागतो: कॅल्क्युलसचे दोन कोर्स, मग मल्टिव्हेरिएबल, मग लिनिअर अल्जिब्रा आणि डिफरन्शियल इक्वेशन्स. फिजिक्सच्या पहिल्या कोर्सला बहुतेक ठिकाणी कॅल्क्युलस एक झालेलं लागतं, म्हणून फिजिक्सचे तीन कोर्स दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या सत्रात बसतात. चारही सत्रं गच्च. पहिल्या सत्रात प्रीकॅल्क्युलस घेतलं की सगळी साखळी एक सत्र सरकते, आणि एखादा कोर्स वर्षातून एकदाच निघत असेल तर पूर्ण वर्ष जातं.

यूसीचे अर्ज दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जातात. म्हणजे तोवर हातात गुण असतात ते पहिल्या वर्षाचे आणि उन्हाळ्याचे. सहा कॅम्पसना प्रवेशाची हमी देणारा 'टॅग' नावाचा करार आहे: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. त्याचा अर्ज १ ते ३० सप्टेंबर, एकाच कॅम्पसला, आणि सगळ्या मेजरना तो लागू नाही. बर्कली, लॉस एंजलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत.

कॉलेज सेमिस्टरऐवजी क्वार्टर (छोट्या सत्रांच्या) पद्धतीचं असेल तर दीड क्वार्टर युनिट म्हणजे एक सेमिस्टर युनिट, साठचे नव्वद होतात. हा हिशेब पहिल्याच दिवशी करून ठेवा.

गणिताचा_तास:
विद्यार्थी पदवीपर्यंत का पोचत नाहीत याचं एक मोठं कारण वर आलं नाही. प्लेसमेंट परीक्षेत कमी पडलं की क्रेडिट न देणारे पूर्वतयारीचे वर्ग गळ्यात पडायचे, कधी एकाखाली एक तीन पायऱ्या. साधं गणित करून बघा: प्रत्येक पायरीवर शंभरातले सत्तर पास होतात असं धरलं तर तिन्ही चढून चौतीसच उरतात. शिवाय पास होऊनही पुढच्या पायरीला नाव न घालणारे वेगळेच. परीक्षा अवघड होती म्हणून नव्हे, रस्ता लांब होता म्हणून गळती व्हायची.

कॅलिफोर्नियात २०१७च्या एबी ७०५ कायद्याने हे बदललं. आता हायस्कूलचे गुण बघून थेट ट्रान्सफर पातळीच्या इंग्रजीत आणि गणितात बसवायचं आणि कच्चं असेल तिथे सोबत जोडवर्ग द्यायचा. जोडवर्ग नीट न देता नुसतं वरच्या वर्गात ढकललं तर फायदा नाही, हेही तितकंच खरं.

न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाचा २००७चा 'असॅप' कार्यक्रमही अभ्यासण्यासारखा आहे. पूर्णवेळ शिक्षणाची अट, वारंवार भेटणारा सल्लागार, प्रवासाचा पास, पुस्तकांना मदत. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचणीत तीन वर्षांत कॉलेजची दोन वर्षांची पदवी घेणारे ४० टक्के झाले, कार्यक्रमात नसलेल्या गटात २२. अभ्यासक्रम दोन्हीकडे तोच होता.

पायवाट:
आभार, 'अँड'चा मुद्दा अजिबात माहीत नव्हता. स्टुडंट व्हिसावर असेल तर काही वेगळं?

क्रेडिटमोजणी:
हो. एफ-१वर प्रत्येक मुख्य सत्रात किमान १२ युनिट हवीत, आणि त्या मोजणीत पूर्ण ऑनलाइन असा एकच कोर्स, जास्तीत जास्त तीन युनिटचा, धरला जातो. त्यामुळे हव्या त्या कोर्सचा फक्त ऑनलाइन वर्ग उरला की पंचाईत होते. नोंदणी खुली होते त्याच दिवशी वर्ग पकडा. फी अनिवासी दराने लागते, तेव्हा 'स्वस्त' हा शब्द आकडे मांडूनच वापरा. यूसीच्या ट्रान्सफरला किमान जीपीए (चारपैकी सरासरी गुणांक) रहिवाशांना २.४ आणि अनिवाशांना २.८ आहे, इंजिनीअरिंगला प्रत्यक्षात त्याहून बरंच जास्त लागतं.

कॉलेज निवडण्याआधी तीन-चार कॉलेजांचे करार त्याच मेजरसाठी शेजारी शेजारी उघडून बघा. ज्यात 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' सगळ्यात कमी वेळा दिसेल ते घ्या, मग ते घरापासून थोडं लांब का असेना.